मित्र उलटत नाहीत हो, दार लागलेलं असतं

एकांकिका स्पर्धांचा सीझन आला की एक प्रकार हमखास बघायला मिळतो. कॉलेजचे पाच मित्र, एक खोली, बाहेर धो धो पाऊस, मोबाईलला रेंज नाही, आणि साधारण पंधराव्या मिनिटाला त्यातला एक जण पुढे येऊन म्हणतो, "आपल्यातलाच कोणीतरी आहे." मग ब्लॅकआउट, मग किंकाळी, मग लाइट आल्यावर पाचाचे चार. खोलीच्या जागी फार्महाऊस घ्या, बंद पडलेली लिफ्ट घ्या, गुहा घ्या, भरकटलेली बोट घ्या, गणित तेच. ओटीटीवर तर असे पिक्चर येतच असतात आणि आपण शुक्रवारी रात्री जेवणं उरकून ते लावतोच, मीही लावतो, खोटं कशाला बोलू, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून सुटून घरी आल्यावर दुसरं कोणीतरी कुठेतरी अडकलेलं बघायला बरं वाटतं.

माझी तक्रार दर्जाबद्दल नाहीये. काही फार सुंदर केलेले असतात, विशेषतः एकांकिकेवाली पोरं नेपथ्याच्या अडीच चौकटी आणि एका टॉर्चमध्ये जो माहोल उभा करतात ना, सलाम. तक्रार ही आहे की हे सगळे मिळून आपल्याला माणसांबद्दल एक गोष्ट शिकवतात आणि ती गोष्ट खोटी आहे. नुसती खोटी असती तर करमणूक आहे म्हणून सोडून दिलं असतं, पण त्याच खोट्या गोष्टीवर भरवसा ठेवून आपण बिल्डिंगी चालवतो, थिएटरं चालवतो, स्टेशनचे जिने चालवतो. गोष्ट अशी की चार माणसं कोंडली की ती एकमेकांवर उलटतात, मैत्री वगैरे सगळं दार उघडं असेपर्यंतच.

हा प्रकार चालतो त्याचं एक कारण अगदी साधं आहे, पैसा. एक सेट, पाच नट, कपडे बदलायची भानगड नाही, सगळं नेपथ्य एका टेम्पोत मावतं. अगाथा ख्रिस्तीने १९३९ मध्ये दहा माणसं एका बेटावर नेऊन एकेक करून संपवली तेव्हापासून साचा पक्का झालाय, आणि तिचंच बर्फात अडकलेल्या गेस्ट हाऊसचं नाटक, द माउसट्रॅप, लंडनमध्ये १९५२ ला सुरू झालं ते कोविडमध्ये थांबलं तेवढंच, नंतर परत चालू. म्हणजे धंदा म्हणून यात खोट नाही.

पण एक फरक बघा. ख्रिस्तीची माणसं एकमेकांना जवळपास अनोळखी असायची, आता अडकतात ते जिवलग मित्र, आणि हा बदल हुशार आहे. अनोळखी लोक असले की प्रश्न एकच, खुनी कोण. मित्र असले की बघणाऱ्याच्याच पोटात काहीतरी ढवळायला लागतं, कारण प्रत्येक ग्रुपमध्ये न बोललेला हिशोब असतोच. एकाने घोडबंदरला टॉवरमध्ये टू बीएचके घेतला आणि दुसरा अजून कळव्याला भाड्याने राहतोय, एकाने लग्नाच्या वेळी उसने घेतलेले पैसे दिलेले नाहीत आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही, तिघांचा एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आहे ज्यात चौथा नाही आणि चौथ्याला ते माहितीये. लेखक फक्त दार लावून घेतो, की हे सगळं भसाभस बाहेर यायला लागतं. इथपर्यंत मला पूर्ण मान्य आहे. मित्रांमध्ये असूया असते, खुन्नस असते, पंधरा वर्षं जुनी असते. पण त्या असूयेतून ऐन संकटात सुरा निघतो ही पुढची पायरी लेखक फुकटात घेतो आणि आपणही ती बिनबोभाट देऊन टाकतो.

आता खरोखर अडकलेल्यांकडे बघू. लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यातलं आहे. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली, उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं, आणि सकाळी उजाडल्यावर बघतात तर गाडीच्या चारही बाजूंना पाणीच पाणी. हजाराच्या वर माणसं डब्यांत, त्यात नऊ गरोदर बायका. थरारपटवाल्याला याहून तयार माल कुठे मिळणार सांगा, पाणी चढतंय, अंधार, बंद डबे, अनोळखी गर्दी. आणि झालं काय, तर एनडीआरएफ आणि नौदलाची माणसं बोटी घेऊन आली, आसपासच्या गावांतले लोक मदतीला आले, दुपारपर्यंत सगळेच्या सगळे सुखरूप बाहेर, आणि पुढे कल्याणहून कोल्हापूरसाठी स्पेशल गाडी सोडली. संपलं. ना कोणी कोणाला पाण्यात ढकललं ना कोणी गरोदर बाईच्या हातातली बाटली हिसकावली. पिक्चर म्हणून ऐकवलंत तर प्रोड्यूसर चहा अर्धा टाकून उठेल. त्या दिवशी विचारण्यासारखा प्रश्न एकच होता, एवढा पाऊस कोसळत असताना रात्रीची गाडी पुढे का जाऊ दिली, आणि तो प्रश्न डब्यात बसलेल्या कोणालाच लागू होत नव्हता.

सिल्क्यारा तर सगळ्यांना आठवत असेल. २०२३ ची दिवाळी, उत्तराखंडमधल्या बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस. सुरुवातीला एका बारीक पाइपातून मुरमुरे, चणे असलं काहीबाही आत जात होतं, जेवण म्हणावं असं जेवण मोठा पाइप टाकल्यावर गेलं, तेही नऊ दिवसांनी. आत काय चाललं होतं म्हणाल तर बोगद्यात जी मोकळी लांबी उरली होती तिच्यात फेऱ्या मारायचे, योगासनं करायचे, खेळ खेळायचे, आणि त्यांच्यातले जे अनुभवी होते त्यांनी सांगून ठेवलं होतं की सगळे गेले की मी शेवटी बाहेर येईन. ४१ पैकी ४१ आले. आता यातली दुसरी बाजू. २०१८ मध्ये केंद्राने हा बोगदा मंजूर केला तेव्हाच्या सरकारी निवेदनात स्पष्ट लिहिलंय, एस्केप पॅसेजसह. म्हणजे निसटायचा रस्ता कागदावर होता. ढिगारा कोसळला त्या पहाटे त्या ४१ जणांना निसटायला तसा रस्ता मिळाला नाही. मला सांगा, या गोष्टीत खलनायक शोधायचा तर तो ढिगाऱ्याच्या आतल्या बाजूला शोधायचा की बाहेरच्या?

थायलंडच्या गुहेत २०१८ मध्ये फुटबॉल खेळणारी बारा पोरं आणि त्यांचा कोच अडकले, तीही टिकली ती एकमेकांच्या आधाराने. (तिथे पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्करची माणसं गेली होती, हे सांगितल्याशिवाय मराठी माणसाला पुढे जाता येत नाही, माफ करा.)

तुम्ही म्हणाल निवडून निवडून गोड किस्से सांगतोयस. तर नाही, याच्यावर आयुष्यं घातलेले अभ्यासक आहेत. एन्रिको क्वारंटेली म्हणून एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५० च्या दशकापासून पूर, भूकंप, आगी, स्फोट असल्या घटनांमधून वाचलेल्यांशी बोलायला सुरुवात केली आणि १९६३ मध्ये त्यासाठी ओहायोच्या विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्रच काढलं. त्यांना पुन्हा पुन्हा तेच दिसत गेलं, की सैरावैरा पळणं, समोरच्याला तुडवून स्वतः सुटणं हे फार म्हणजे फार क्वचित घडतं. माणसं घाबरतात, ते वेगळं. पण घाबरलेला माणूस जनावर होतो हे आपल्याला पिक्चरने सांगितलंय.

याहून भारी काम जोनाथन साइम या ब्रिटिश संशोधकाचं आहे. १९७३ च्या ऑगस्टमध्ये आइल ऑफ मॅन बेटावर समरलँड नावाच्या करमणूक केंद्राला आग लागली, आतमध्ये सुट्टीला आलेली कुटुंबं, पोरंबाळं, ५० माणसं गेली. साइमने वाचलेल्यांचे जबाब अभ्यासून कोण कुठून कसं बाहेर पडलं ते तपासलं. पहिली गोष्ट, लोक शक्यतो ज्या दाराने आत आले त्याच ओळखीच्या दाराकडे गेले, फायर एक्झिट वापरलं ते जास्त करून तिथल्या स्टाफने, कारण ते दार त्यांनाच माहीत. दुसरी गोष्ट, माणसं आपल्या माणसांच्या दिशेने गेली. आईबाप दाराकडे न जाता पोरांना शोधायला उलटे आत गेले, जे ग्रुपने आले होते ते ग्रुपनेच बाहेर पडायला बघत होते. म्हणजे एकमेकांना टाकून पळण्याच्या अगदी उलट, एकमेकांना टाकवत नव्हतं म्हणून वेळ गेला. हे वाचल्यावर मला ते फार्महाऊसवाले पिक्चर एकदम पोरकट वाटायला लागले. खऱ्या आगीत मित्र तुमच्यासाठी थांबतो, आणि भीती बाळगायची तर त्या थांबण्याची बाळगावी.

मग माणसं मरतात कशाने? दाराने.

१९११ सालची न्यूयॉर्कची ट्रँगल शर्टवेस्ट फॅक्टरी, आगीत १४६ कामगार गेले, बहुतेक कोवळ्या पोरी. जिन्याकडचं एक दार कुलूपबंद होतं, का तर पोरी कापड चोरून नेतील आणि मधेच काम टाकून बाहेर जातील म्हणून. त्याच्या आधी १८८३, इंग्लंडमध्ये संडरलँडला व्हिक्टोरिया हॉल, लहान मुलांचा खेळ संपला आणि स्टेजवरून बक्षिसं वाटायला लागले, वरच्या गॅलरीतली पोरं जिन्याने खाली धावली तर खालच्या दाराला अशी कडी घातलेली की एका वेळी एकच पोर जाईल. का तर तिकिटं तपासायला सोपं. १८३ मुलं. १८३. आणि आपलं उपहार थिएटर, दिल्ली, १३ जून १९९७, आगीत ५९ माणसं, बाल्कनीत चार जास्तीची तिकिटं विकायला खुर्च्या वाढवलेल्या, एका बाजूचा रस्ता त्यातच बंद, दाराला कडी. पिक्चर बघायला आलेली माणसं हो, तुमच्याआमच्यासारखी. २०१९ च्या जानेवारीत पोलंडमध्ये पंधरा वर्षांच्या पाच मैत्रिणी एकीचा वाढदिवस साजरा करायला एस्केप रूममध्ये गेल्या, म्हणजे मुद्दाम पैसे देऊन कोंडून घेण्याचा खेळ, आणि आग लागल्यावर त्यांना खरोखरचं बाहेर पडता आलं नाही. मैत्रिणी, बंद खोली, कोडं, सगळा मसाला तोच, फक्त त्यातली एकही दुसरीवर उलटली नव्हती. राजकोटच्या गेमझोनची आग २०२४ ची, ती तर कालपरवाचीच वाटते.

याच्यात एक गंमत लक्षात येते का बघा, गंमत म्हणायला जीभ रेटत नाही पण तरी. प्रत्येक वेळी दार बंद का होतं? एक तर पैशासाठी, नाहीतर संशयासाठी. कोणीतरी चोरेल, कोणीतरी फुकट घुसेल, कोणीतरी रेटारेटी करेल. म्हणजे माणसांवर संशय म्हणून दार लावलं, दार लावलं म्हणून माणसं मेली, आणि नंतर आपण गोष्ट अशी लिहितो की बघा दार लागल्यावर माणसं कशी वागतात, संशय घ्यायलाच हवा होता. चोरानेच पंचनामा लिहावा तसं आहे हे.

आणि ही फक्त गोष्टीतली गोष्ट राहत नाही. एल्फिन्स्टन रोडचा जिना आठवा, २९ सप्टेंबर २०१७, सकाळची ऑफिसची वेळ, पाऊस, चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. ठाण्याहून, डोंबिवलीहून रोज जाणारी हजारो माणसं परळला उतरून त्याच अरुंद पुलावरून पलीकडे जायची, त्या पुलाबद्दल वर्षानुवर्षं ओरड चालू होती. पण दोन दिवसांत कुठली गोष्ट सगळ्यात जास्त फिरली? की कोणीतरी हिंदीत फूल पडलं म्हणालं आणि लोकांनी पूल पडला असं ऐकलं आणि घाबरून पळापळ केली. किती सुबक आहे बघा, क्लायमॅक्सचा ट्विस्ट शोभेल असा. त्या एका ट्विस्टमध्ये जिन्याची रुंदी गायब होते, मंजुरी मिळून न बांधलेले पूल गायब होतात, उरतात ती मूर्ख घाबरट माणसं. पुढे लष्कराला बोलावून काही महिन्यांत तिथे नवा पूल उभा केला, म्हणजे होण्यासारखं होतंच ना?

इथे कोणीतरी तेंडुलकर काढणार, मला माहितीये, म्हणून मीच काढतो. "शांतता! कोर्ट चालू आहे", १९६७. हौशी नाटकवाली मंडळी गावातल्या एका हॉलवर आलीयेत, रात्रीच्या प्रयोगाला वेळ आहे म्हणून टाइमपास म्हणून खोटा खटला चालवतात, आणि बघता बघता सगळे मिळून बेणारे बाईंवर तुटून पडतात. ओळखीची माणसं, एक हॉल, न उघडणारं दार, आपल्या भाषेतला या प्रकाराचा बापच म्हणा. मग तिथे तर माणसं उलटलीच की! उलटली. पण कशी उलटली ते परत एकदा वाचा. नाटकाच्या सुरुवातीलाच त्या दाराच्या कडीबद्दल सांगून ठेवलंय की ती नीट सरकवली नाही तर माणूस आत अडकतो. बाई नंतर जायला निघतात तर ते दार उघडत नाही. पण बाईंना खरं कोंडलंय ते त्या कडीने नाही. त्यांची शाळेतली नोकरी, त्यांचं पोट, लोक काय म्हणतील, ते सगळं बाहेरून आत आणून त्यांच्यावर लादलंय. काशीकर, सुखात्मे वगैरे मंडळी संकटात सापडलेली नाहीत, त्यांना कुठलीही भीती नाही, उलट वेळ जात नाही म्हणून हे चाललंय, चहा-पान-तंबाखू सगळं व्यवस्थित. भीतीने माणूस बिघडतो असं तेंडुलकर म्हणतच नाहीत, सुरक्षित माणूस फावल्या वेळात काय करतो ते दाखवतात. आजच्या पन्नास फार्महाऊस थ्रिलरांनी त्यांच्याकडून खोली उचलली आणि मुद्दा तिथेच ठेवला.

माझंही म्हणणं हेच आहे. माणसं उलटत नाहीत असं कोण म्हणतंय, उलटतात की, सख्खे भाऊ गावच्या चार गुंठ्यांवरून उलटतात, पार्टनर उलटतात, वीस वर्षांचा मित्र एका पोस्टवरून ब्लॉक करतो. पण त्याला वेळ लागतो. निवांतपणा लागतो, वकील लागतो, बायकोशी रात्री उशिरापर्यंत चर्चा लागते. दगाफटका ही फुरसतीची कला आहे राव, धुराने भरलेल्या जिन्यात कोणाला सुचत नाही.

दुसरा आक्षेप एकांकिकेवाल्या पोरांकडून येतो आणि तो जास्त प्रामाणिक आहे. म्हणे सर, मित्र चांगलेच दाखवले तर नाट्य कुठून आणायचं, संघर्ष नको का. त्यावर मी मंजुम्मेल बॉईजचं नाव घेतो. २०२४ चा मल्याळम पिक्चर, २००६ मध्ये कोडाईकनालच्या गुणा केव्ह्जमध्ये खरोखर घडलेली घटना, कोचीजवळच्या पोरांचा ग्रुप फिरायला जातो, एक जण खोल भेगेत पडतो, आणि बाकीचे त्याला सोडून जायला तयार होत नाहीत. बस. कोणी खुनी नाही, कोणाचं गुपित फुटत नाही, मोबाईलमधला मेसेज कोणी चोरून वाचत नाही. पोलीस उडवून लावतात, खाली उतरायला कोणी धजत नाही, शेवटी मित्रच दोराने खाली जातो. थिएटरात लोक खुर्चीचा हात धरून बसले होते, भाषा कळत नसताना. दोनशे कोटींच्या वर धंदा केला, मल्याळममधला पहिला. तेव्हा संघर्ष लागतो हे बरोबर, तो मित्रामित्रांतच लागतो हे कोणी सांगितलं?

मला तर एक गोष्ट डोक्यात घोळते, कोणाला लिहायची असेल तर घ्या, फुकट आहे. घोडबंदरचा एखादा टॉवर, सव्विसावा मजला, पाच मित्र मॅच बघायला जमलेत. खालच्या कुठल्यातरी मजल्यावर मीटर रूममधून धूर. लिफ्ट बंद. जिन्याचं फायर डोअर रोज येता-जाता ढकलायचा कंटाळा म्हणून कोणीतरी विटेने उघडं ठेवलेलं, त्यामुळे धूर सरळ जिन्यात. खिडक्यांना बॉक्स ग्रिल, त्यात कुंड्या. वर जावं तर टेरेसला कुलूप आणि चावी सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी गणपतीला चिपळूणला. रेफ्युज एरिया, म्हणजे आगीत थांबायची मोकळी जागा, आहे, एवढ्या उंच इमारतीला ठेवावाच लागतो, पण तिथे कोणाच्या तरी बारशाच्या खुर्च्या रचून ठेवल्यात. आता पाचांपैकी एकाला दमा आहे, एक जण आधीच खाली सिगारेट आणायला गेलाय आणि फोन उचलत नाहीये. थांबायचं की उतरायचं? त्याला शोधत जायचं की दाराच्या फटीत ओला टॉवेल लावून बसायचं? साइमचा सगळा अभ्यास या दोन प्रश्नांत आहे. पाचही जण भले, पाचही जण एकमेकांवर जीव टाकणारे, आणि तरी तुमचे तळवे ओले होतील. आणि नाटक संपल्यावर प्रेक्षक घरी जाऊन आधी काय करेल, तर मित्रांच्या ग्रुपकडे संशयाने बघणार नाही, जिना चढून टेरेसचं दार ढकलून बघेल.

नाट्यगृहांबद्दलही एक बोलून घेतो. तिसऱ्या घंटेच्या आधी मोबाईल बंद ठेवा, लहान मुलं रडली तर बाहेर न्या, एवढं सगळं सांगतात. त्यातच अर्धं मिनिट, बाहेर पडायची दारं इथे इथे आहेत आणि ती उघडी आहेत, एवढं सांगायला काय जातं? लोक ज्या दाराने येतात त्याच दाराकडे धावतात हे पन्नास वर्षांपूर्वीच्या आगीने दाखवून दिलंय. मल्टिप्लेक्समध्ये निदान एक क्लिप तरी लावतात, भले तेव्हा सगळे पॉपकॉर्नच्या रांगेत असोत.

आता सोसायटी. आपल्याकडे कायदा नाही असं नाही, महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, त्यात वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू आहे असा फॉर्म बी द्यायचा असतो लायसन्सवाल्या एजन्सीकडून. फॉर्म बी आला की मॅनेजिंग कमिटी खूश, फाइलला लावला की संपलं. पण पंप चालतो का, पाण्याला प्रेशर आहे का हे बघून गेलेल्या माणसाच्या पाठोपाठ टेरेसला परत कुलूप लागतं आणि आग विझवायच्या पाइपाच्या कपाटात परत झाडू जातो. त्याचं कारण तेच, संशय. टेरेसवर पोरं दारू पितात, रील्स काढतात, कोणाचं तरी लफडं होतं, मागे कोणीतरी टाकीत बाटली टाकली. हे सगळं खरंही असेल. त्यावर उपाय आहे आणि तो नवाही नाही. आतल्या बाजूने आडवी दांडी असलेलं दार, दांडीवर नुसतं अंग टाकलं की उघडतं, बाहेरून मात्र बंदच राहतं. या दांडीमागे ती संडरलँडची १८३ पोरंच आहेत, त्यांच्यानंतर असली दारं आली. तिला अलार्मही लावता येतो, म्हणजे पोरं वर गेली की वॉचमनच्या केबिनमध्ये भोंगा वाजेल, दारूवालेही सापडतील आणि धुरातून पळणारेही वाचतील. खर्च किती, तर गेल्या वर्षी गेटवर जी सोनेरी अक्षरं बसवली त्याहून कमीच असेल.

आमच्याकडे जनरल बॉडीत मी हे मांडलं तेव्हा एक काका उभे राहिले, चांगले आहेत स्वभावाने, अडीअडचणीला रात्री दोनला गाडी काढणारे आहेत, आणि म्हणाले अहो दार उघडं ठेवून काय उपयोग, आग लागली की सगळे जनावरासारखे धावतात, एकमेकांना तुडवतात, जिन्यातच मरतात, बघितलं नाही का पिक्चरमध्ये. लोकांनी माना डोलावल्या. मी विचारलं, काका, तुम्ही तुडवाल का कोणाला? ते म्हणाले छे, मी कशाला तुडवीन, मी शेजारच्या आजींना आधी उतरवीन. मग दुसऱ्या एका काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या मी पोरांना घेऊन बाकीच्यांची दारं वाजवीन. असं करत करत सभेतल्या सातआठ जणांना विचारलं, तुडवणारा एकही निघाला नाही, पण दार बंदच ठेवावं असं मात्र बहुमत होतं. विषय पुढच्या सभेवर ढकललाय, अजेंड्यावर पार्किंगच्या खाली, म्हणजे रात्री साडेअकराच्या पुढे येणार, तेव्हा कोरम उरतो की नाही ते बघायचं.